'नेव्हीवाल्या' गिऱ्हाइकाने मला ६१,९९४ रुपयांना कसं बुडवलं

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला विचारायला नको. ९,२५० रुपये दोनदा, १८,५०० एकदा, २४,९९९ एकदा आणि सुरुवातीचे ५. त्यातून त्या माणसाने मला पाठवलेले १० वजा केलेत, कारण हिशोब म्हणजे हिशोब. एकूण ६१,९९४.

आता तुम्ही म्हणणार, क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत, एवढंही कळत नाही का मास्तरला? कळतं. शिक्षकांच्या ग्रुपवर असले इशारे मी स्वतः पुढे ढकललेत. फौजी बनून जुना फ्रिज, जुनी मोटारसायकल 'विकत घेणारे' तुम्हाला माहीत आहेत, मलाही माहीत होते. पण ते फ्रिज घेणारे. माझं हाताने केलेलं छोटं जहाज घ्यायला कुणी खोटा माणूस येईल, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. खऱ्या माणसाला जे नकोय, ते खोट्याला कशाला हवं असेल?

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहतो. बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली, आता निवृत्त. छंद जहाजांचा. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या शीटमधून, किट न आणता, सगळं हाताने कापून शिडाच्या युद्धनौका करायच्या. गावात यावर हसून झालंय. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मुलखात हा माणूस जहाजं बांधतोय, हा विनोद मी किमान शंभर वेळा ऐकलाय. समुद्र सोडा, जायकवाडीचा नाथसागर बघायलाही मला आधी एसटीची वेळ बघावी लागते.

हे जहाज होतं ट्रिंकोमाली. ब्रिटिश आरमाराची फ्रिगेट, म्हणजे शिडाची वेगवान युद्धनौका, पण बांधली मुंबईत, जमशेटजी बोमनजी वाडियांनी, मलबारी सागवानात. १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतेय. आपल्या मुंबईच्या गोदीतलं जहाज दोनशे वर्षांनंतर तरंगतंय आणि आपल्याकडे कुणाला पत्ता नाही, या चिडीपोटीच मी ते करायला घेतलं.

१:३०० च्या प्रमाणात. म्हणजे सव्वाशे-दीडशे फुटांचं धूड हातभर नाही, वीतभरसुद्धा नाही, जेमतेम पंधरा सेंटिमीटर. एक मिलिमीटरच्या शीटचे थर एकावर एक चिकटवून घासून हल, म्हणजे जहाजाचं धड, केला. गनडेकवर, म्हणजे तोफांच्या मजल्यावर, मूळ रचनेप्रमाणे २८ तोफा, म्हणजे तीन-तीन मिलिमीटरच्या २८ खिडक्या, प्रत्येकीला झाकण. डेकच्या फळ्या ब्लेडच्या पाठीने ओरखडून. मोठ्या डोलकाठीत सायकलचा स्पोक, कारण प्लॅस्टिकची काठी दोर ताणले की वाकते. आणि खलाशी चढायच्या दोरशिड्या! सव्वा मिलिमीटरवर एक पायरी. त्यासाठी बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळाच्या कॉइलमधली तांब्याची तार उलगडली. केसापेक्षा बारीक, पंखा लावला की उडून जाते. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून, दार लावून, भिंगाचा चष्मा चढवून बसायचं. चौदा महिने लागले.

हे एवढं का सांगतोय? कारण चौदा महिन्यांत मला एकानेही विचारलं नाही की हे कोणतं जहाज. पहिल्यांदा विचारलं ते त्या चोराने.

रंग फवारायच्या एअरब्रशचा कॉम्प्रेसर घ्यायचा होता, म्हणून पुतण्याने जुन्या वस्तूंच्या एका अॅपवर जाहिरात टाकून दिली. किंमत १८,५००. तीन आठवडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला फोन. हिंदीत. नौदलात आहे, विशाखापट्टणमला पोस्टिंग, ऑफिसर्स मेससाठी मॉडेल हवंय. डीपीवर पांढरा गणवेश. लगेच ओळखपत्र आलं, कँटीन कार्ड आलं. (न मागता ओळखपत्र पाठवणारा माणूस खरा नसतो. मला हे आता शहाणपण सुचतंय.) घासाघीस नाही. "सर, कौनसा जहाज है ये? आप आर्टिस्ट हैं." मी ट्रिंकोमालीपासून वाडियांपर्यंत सगळं सांगितलं. तो "जी सर, जी सर" करत होता. माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही वर्गाने इतक्या शांतपणे ऐकलं नव्हतं.

आता ते सांगतो जे रोज रात्री आठवतं.

त्याने फोटो मागितले, मी तेवीस फोटो पाठवले. आमच्याकडे संध्याकाळी नेटचे हाल असतात. पहिले चार-पाच गेले, बाकीच्यांवर ते गोल चक्र फिरत होतं. दोरशिडीचा जवळून काढलेला फोटो, ज्याच्यासाठी मी टॉर्च तोंडात धरून पाऊण तास घालवला होता, तो तर निघालाच नव्हता. आणि तिकडून मेसेज आला : "बहुत बारीक काम है सर, रस्सी वाली सीढ़ी लाजवाब." फोटो माझ्याच फोनमध्ये अडकलेला आणि कौतुक पोचलेलं! मी ते चक्र फिरताना बघितलं, कौतुक वाचलं, आणि स्वतःला काय सांगितलं? की जाहिरातीतल्या फोटोत दिसली असेल. जाहिरातीत एकच फोटो होता, तोही लांबून काढलेला. दोरशिड्यांचं मीच फोनवर बडबडलो होतो आणि त्याने ते मलाच परत केलं. त्याने पाहिलं काहीच नव्हतं.

शिवाय त्याने स्केल विचारली नाही. या छंदातला माणूस नाव विचारायच्या आधी स्केल विचारतो. याने विचारलं वजन. मी म्हटलं कुरिअरसाठी विचारत असेल. माणसाला गिऱ्हाईक हवं असलं की तो गिऱ्हाइकाची वकिलीही स्वतःच करतो.

पुढचं तुम्हाला पाठ आहे, भराभर सांगतो. "फौज का पेमेंट सिस्टम अलग होता है. आप पाँच रुपया भेजिए, डबल वापस आएगा." पाठवले, दहा आले. खरंच आले. मग ९,२५० चा कोड, म्हणजे दुप्पट होऊन १८,५०० येणार. पिन टाकला, ९,२५० गेले. "सर मिसमॅच हो गया, सेम अमाउंट एक बार और, दोनों साथ में रिव्हर्स होंगे." गेले. मग १८,५००. मग "ऑडिट में अटक गया" म्हणून २४,९९९. पहिल्या पाचापासून शेवटच्या नऊपर्यंत एकोणीस मिनिटं. मधल्या काळात मी फोन कानाला लावून, दुसऱ्या हाताने बबल रॅपमध्ये जहाज गुंडाळत होतो, कारण साहेबांनी सांगितलं होतं की त्यांचा माणूस रात्रीच पिकअपला येतोय.

स्क्रीनवर पैसे जाणार त्याचं नाव येतं. ते वाचा. चारही वेळा तिथे कुणा बाईचं नाव होतं. मी भिंगाचा चष्मा काढून ठेवला होता आणि साधा सापडत नव्हता. हे कारण नाही, हे मला माहीत आहे, तरी लिहितो.

आणि माझी दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी आहे : मी गप्प बसलो. शनिवार रात्र आणि रविवार, बायकोला सांगितलं नाही. पैसे गेल्या गेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा असतो. पहिल्या तासात केला तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची काही आशा असते. मी छत्तीस तास लाजत बसलो. लाज नंतर वाटू द्या, आधी फोन लावा. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर कागदावर लिहून ठेवा, सगळे तोच विचारतात.

सोमवारी सांगितलं. बायको एवढंच म्हणाली, "अहो, चार वेळा?" पुण्याहून मुलाचा फोन आला. त्यानेही तेच विचारलं, फक्त मोठ्या आवाजात.

आता आपली व्यवस्था. ठाण्यात गेलो. जमादारांनी चहा पाजला, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "सर, तुमी तर शिकलेली माणसं, असं कसं फसलाव?" मग म्हणाले, हे सायबरचं आहे, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो, एसटीने दोन तास. तिथे म्हणाले, गुन्हा तुमच्या हद्दीत घडला, अर्ज तालुक्यालाच द्या. नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे. मी ते कलम कागदावर लिहून नेलं होतं. साहेब म्हणाले, "वकील आहात का?" तालुक्याला परत. इथे म्हणाले, बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. बँकेत गेलो तर म्हणे, आधी एफआयआर आणा. मी म्हटलं, तेच तर आणायला तुमच्याकडे आलोय. तर म्हणे, पिन तुम्ही स्वतः टाकलाय ना काका, मग बँक काय करणार. आणि प्रिंटर बंद आहे, परवा या. परवा गेलो तर सर्व्हर डाऊन. असे अकरा हेलपाटे. एसटीला निम्मं तिकीट आहे म्हणून बरं, नाहीतर तोही आकडा वर वाढवावा लागला असता.

बँकेला तक्रार लेखीच द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तोंडी बोललेलं तिथे कुणालाच ऐकू आलेलं नसतं.

सगळ्यात जास्त झोंबलं ते वेगळंच. अर्ज टाइप करणाऱ्याने लिहिलं, "प्लॅस्टिकची खेळण्यातील होडी". मी म्हटलं, खेळणं नाही, युद्धनौकेची प्रतिकृती आहे. त्याने दुरुस्ती केली आणि छापून आलं, "युद्ध नोकराची प्रतिकृती". पुन्हा प्रिंट मागायची हिंमत झाली नाही. बाजूच्या बाकावरच्या एका शिपायाने प्लॅस्टिक किलोला काय भाव पडतं ते विचारलं. शेवटी एका तरुण महिला शिपायाने दहा मिनिटांत माझी तक्रार सायबरच्या सरकारी पोर्टलवर भरून दिली. दहा मिनिटांचं काम होतं ते. पाच दिवस गेले होते.

तक्रारीची स्थिती अजून "प्रक्रियेत". मात्र गेल्या आठवड्यात एक फोन आला, "सायबर सेल से", पैसे सापडलेत, सोडवायची फी २,४९९. हा फोनही येतोच, आधीच सांगून ठेवतो. एकदा फसलेल्याचा नंबर हे लोक वाया घालवत नाहीत. मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही, बत्तीस वर्षांत वर्गातही कधी तोंडातून गेलं नव्हतं.

पिकअपसाठी बांधलेलं खोकं महिनाभर तसंच कपाटावर होतं. काल उघडलं. घाईत गुंडाळताना पुढचा जिबबूम, म्हणजे नाकाडाची काठी, मोडलाय आणि मधल्या डोलकाठीची दोन परबाणं, म्हणजे शिडाच्या आडव्या काठ्या, निखळून दोरांत लोंबकळतायत. दोरशिड्या मात्र शाबूत आहेत. जाहिरात काढून टाकली. एकला पेन्शन झाली की पुण्याहून बारीक पितळी तार मागवीन. पैसे पार्सल हातात आल्यावर, रोख.