स्पाइस्ड रम: साखर किती, मसाला किती, रम किती

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या ठाण्याच्या घरी स्पाइस्ड रमच्या, म्हणजे मसाले आणि बहुधा साखर घातलेल्या रमच्या, बाटल्या एकामागून एक उघडल्या आणि सावकाश संपल्या. बहुतेक बाटल्या धाकट्या दिराने परदेशातून येताना ड्युटी-फ्रीमधून आणलेल्या. माणशी दोन लिटरचीच सवलत असल्यामुळे साठा हळूहळू जमत गेला, आणि तेच बरं झालं. प्रत्येक बाटली उघडली त्या दिवशी, मग काही आठवड्यांनी, मग तळाशी पोचल्यावर कशी लागते ते नीट बघता आलं. स्पाइस्ड रमबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक पहिल्या घोटावर लिहिलेलं असतं, आणि ही रम पहिल्या घोटाला आवडावी अशाच बेताने केलेली असते. खरा फरक नंतर कळतो.

मी रबाळे एमआयडीसीत खाद्यपदार्थांचे फ्लेवर बनवणाऱ्या कंपनीत काम करते. व्हॅनिला, वेलची, संत्र्याचं तेल यांचे नमुने रोज नाकाखालून जातात. त्यामुळे रमही मी त्याच पद्धतीने चाखली: आधी नुसता थेंबभर, मग पाणी घालून साधारण २० टक्के अल्कोहोलवर आणून, बर्फाशिवाय. व्हिस्कीचे ब्लेंडरही नमुन्यांचा वास घेताना असंच पाणी घालतात, कारण तीव्र अल्कोहोल नाक बधिर करतं आणि खालचं काही कळू देत नाही. स्पाइस्ड रमला हे पाणी फार कठोर परीक्षा ठरते. कोला आणि बर्फ घातल्यावर सगळ्याच बऱ्या लागतात. निम्मं पाणी घातलं की बाटलीत रम किती आहे आणि वरून काय घातलंय ते वेगवेगळं दिसू लागतं.

तुलनेला हाताशी ओल्ड मंक ठेवली होती. १९५४ साली बाजारात आलेली मोहन मीकिनची ही रम स्पाइस्ड म्हणून विकली जात नाही, पण तिच्या वासात व्हॅनिला इतका ठळक आहे की आपल्याकडच्या माणसाची ‘मसालेदार रम’ची कल्पना तिच्यापासूनच सुरू होते. आपल्या बाटल्यांवर ४२.८ टक्के असा विचित्र आकडा असतो, तो जुन्या ब्रिटिश मोजणीतल्या ७५ डिग्री प्रूफचा. स्पाइस्ड रम बहुतेक याहून सौम्य असतात, आणि तो सौम्यपणा चवीत जाणवतो.

कॅप्टन मॉर्गन स्पाइस्ड गोल्ड ३५ टक्के. युरोपात ‘रम’ म्हणवून घ्यायला किमान ३७.५ टक्के लागतात, म्हणून तिथे हिच्या लेबलवर रमऐवजी ‘स्पिरिट ड्रिंक’ असं लिहावं लागतं. नुसती घेतली तर आधी व्हॅनिला, मग टॉफी, मागून दालचिनीची पुसटशी झाक, आणि संपलं. पाणी घातल्यावर फक्त व्हॅनिला उरतो. दिराने पहिल्याच संध्याकाळी विचारलं, “वहिनी, यात रम कुठे आहे?” प्रश्न रास्त होता. तरी एक गोष्ट तिच्या बाजूने सांगायलाच हवी. अर्धी बाटली महिन्याहून जास्त कपाटात राहिली तरी चवीत मला काही फरक सापडला नाही. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा मुख्य गंध देणारा रेणू, टिकाऊ आहे, सहजी उडून जात नाही, आणि जिची सगळी चव त्याच्यावरच उभी आहे ती रम बदलणार कशाने? कोला, भरपूर बर्फ आणि अख्खं लिंबू पिळून ही चांगली लागते. पाहुणे दहा असतील आणि त्यात रम न आवडणारे सहा, तर हीच काढावी.

सेलर जेरी वेगळ्या वळणाची. होनोलुलूत गोंदणाचं दुकान चालवणाऱ्या नॉर्मन कॉलिन्सच्या टोपणनावावरून तिचं नाव आलं. अमेरिकेतली बाटली ४६ टक्क्यांची, ब्रिटनमधली ४० ची. आमच्याकडे अमेरिकेतली होती. हे सहा टक्के साधे नाहीत. मसाल्याची तेलं अल्कोहोलमध्ये विरघळून राहतात. अल्कोहोल जास्त असलं की त्यात ती जास्त मावतात, आणि या रममध्ये ती पाणी घातल्यावरही तग धरतात. हिच्यात दालचिनी खरोखर दालचिनीसारखी लागते, मागे लवंगेची किंचित बधिरता राहते, गोडवा बेताचा. आल्याच्या सोड्याबरोबर ही मला फार आवडली. नुसती घ्यायला मात्र जरा रखरखीत.

क्रॅकेनबद्दल मला वाटलं होतं त्याहून जास्त लिहावंसं वाटतंय. काळी कुळकुळीत रम, गळ्याशी दोन कड्या असलेली बाटली, लेबलवर समुद्री राक्षस. हे सगळं बघून आत काही नसेल असं वाटण्याची शक्यता आहे. काळा रंग जळक्या साखरेचा असतो, त्यावरून रमचं वय ठरवू नये. पण चव मात्र एकसंध आहे. कडसर कॉफी, काकवी, लवंग, आणि व्हॅनिला या सगळ्यांच्या खाली. काकवीचा तो किंचित खारट, मातकट गोडवा उसाच्या गुऱ्हाळाजवळ वाढलेल्या माणसाला लगेच ओळखू येतो. शेवटी बहुतेक रम मळीपासून होते, आणि मळीची आठवण करून देणारी रम मला तिच्या कुळाशी प्रामाणिक वाटते. काही आठवड्यांनी लवंग थोडी मागे गेली, काकवी पुढे आली, आणि बाटली माझ्या मते सुधारली. गोड आहे, हे खरं. दुसऱ्या ग्लासानंतर तो गोडवा जिभेवर साचतो.

आता चेअरमन्स रिझर्व स्पाइस्ड. ही सेंट लुसिया बेटावरची. तिथे घरोघरी, छोट्या रमच्या दुकानांतून, बाटलीत साली आणि मसाले भिजत घालून रम मुरवायची जुनी रीत आहे. या रममध्येही दालचिनी, संत्रं, नारळ यांच्याबरोबर ‘ब्वा बाँदे’ नावाच्या तिथल्या झाडाची साल घालतात. चाळीस टक्के. उघडल्या दिवशी संत्र्याच्या सालीचा वास खोलीभर पसरला होता. त्यामागे जायफळ, मनुका, ओलं लाकूड, आणि शेवटी एक हलकी कडवट तुरट चव, जी गोडव्याला आवर घालते. पाणी घातलं तर रम रमच राहिली. मसाला बाजूला केला तरी प्यावीशी वाटेल अशी रम खाली आहे, आणि एवढ्या बाटल्यांत हे मला हिच्याविषयीच म्हणता आलं.

पण वापराचा खरा अनुभव इथेच आला. संत्र्याचा तो पहिला वास महिन्याभरात निम्म्यावर आला. लिंबूवर्गीय सालींतलं तेल हवेशी लागलं की लवकर बिघडतं. बाटलीत रम कमी आणि हवा जास्त झाली की वेग वाढतो, त्यात ठाण्याची ऑक्टोबरची उष्णता. तेव्हा मी उरलेली रम काठोकाठ भरतील अशा दोन लहान काचेच्या बाटल्यांत ओतली आणि त्या आतल्या खोलीतल्या कपाटात, उजेडापासून लांब ठेवल्या. त्या दिवशी संत्रं जेवढं उरलं होतं तेवढं पुढे टिकलं. महागाची, साली घातलेली कुठलीही रम उघडली की हे पहिल्याच दिवशी करावं. स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या फळीवर बाटल्या ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे; रमला ती जागा सगळ्यात वाईट.

एक बाटली अशीही होती जिचं नाव लिहीत नाही. पाणी घातल्यावर तिच्यातून फक्त गोळ्या-चॉकलेटांसारखा दालचिनीचा वास येत होता. ती केकमध्ये गेली.

जेवणाबरोबरचा अनुभव थोडक्यात. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांची आग वाढवतात, त्यामुळे सेलर जेरी आणि आगरी पद्धतीचं मटण हा जोड जमला नाही. चेंदणी कोळीवाड्यातल्या मैत्रिणीकडचे कुरकुरीत बोंबील आणि क्रॅकेनमध्ये नुसता सोडा, हे मात्र इतकं जुळलं की पुढे तेच होत राहिलं. तांदळाच्या पिठाच्या आवरणावर काकवीची चव छान बसते.

आता पैशांचं. आयात केलेली स्पाइस्ड रम इथल्या दुकानात घेतली तर किंमत चांगलीच चढते. २०२५ च्या जूनमध्ये राज्य सरकारने स्वस्त गटातल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट करायचं ठरवलं, त्यामुळे देशातली रमही पूर्वीइतकी स्वस्त राहिली नाही. तरीही दोन्हींमधलं अंतर मोठं आहे. आणि त्या अंतरात बसून मला सतत एक प्रश्न पडत होता: जगभरची मसाल्याची रम ज्या मसाल्यांवर चालते ते सगळे आपल्या दारात असताना आपण त्यांचे अर्क परदेशी बाटलीतून का विकत घ्यावेत?

वाशीचं एपीएमसी मसाला मार्केट माझ्या ऑफिसच्या वाटेपासून लांब नाही. तिथून आणलेल्या मसाल्यांवर थंडीत रम मुरवली. (परवाना आणि पंचवीस वर्षांची वयोमर्यादा, दोन्ही राज्याच्या कायद्यात आहेत, ते पाळूनच.) यातून जे हाती आलं ते सविस्तर लिहिते.

दालचिनी मागितली की बहुधा जाड, खडबडीत सालीची कॅसिया मिळते. तिखट, एकसुरी, आणि रममध्ये पटकन वरचढ होणारी. दुकानदाराला मुद्दाम सिलोनी दालचिनी मागावी: कागदासारख्या पातळ सालींची गुंडाळी, चुरडली तर बोटांत मोडणारी. तिच्यात थोडं युजेनॉल असतं, म्हणजे लवंगेचा मुख्य गंध, त्यामुळे ती एकटीच दोन मसाल्यांचं काम करते. जायफळाऐवजी जायपत्री घालावी. जायफळात चरबी भरपूर असते आणि रम गढूळ होते. जायपत्रीचा गंध त्याच जातीचा, पण नाजूक आणि स्वच्छ. हिरवी वेलची फोडून, फक्त दाणे, आणि तेही दोन-तीन वेलच्यांचे. जास्त झाली की सगळी रम श्रीखंडाकडे झुकते. संत्रं नागपुरी, साल सोलताना फक्त नारिंगी थर घ्यायचा. पांढरा थर आला की कडवटपणा आलाच.

वेळ हा या सगळ्यातला खरा मसाला. ७५० मिलीच्या बाटलीला लवंगा दोन, आणि त्या दुसऱ्या दिवशी काढून टाकायच्या, नाहीतर जीभ बधिर होते. वेलची आणि दालचिनी दोन-तीन दिवस. संत्र्याची साल आणि जायपत्री साधारण तेवढेच. व्हॅनिलाची शेंग घातलीत तर ती एकटी खुशाल काही आठवडे राहू द्या. शेंगेत व्हॅनिलिनखेरीज दोनशेहून जास्त गंधद्रव्यं असतात आणि ती सावकाश उतरतात. रोज चमचाभर चाखत राहायचं आणि जो मसाला पुरेसा वाटेल तो बाहेर काढायचा. सगळं एकदम घालून एकदम गाळलं तर काढा तयार होतो.

खाली रम कुठली? ओल्ड मंकमध्ये व्हॅनिला घालायची गरज नाही, तो आहेच. तिला संत्र्याची साल, सिलोनी दालचिनी आणि जायपत्री एवढंच पुरतं. हलक्या सोनेरी रमला मात्र व्हॅनिलाची शेंग हवी, आणि शेवटी चमचाभर कोल्हापुरी काकवी. साखरेचा पाक घालू नका. काकवी मळीच्याच घरातली असल्याने रममध्ये मिसळून जाते, साखर वेगळी तरंगत राहते.

ओल्ड मंकची ही मुरवलेली बाटली आणि चेअरमन्स रिझर्व मी शेजारी ठेवून, दिराला न सांगता, दोन्ही २० टक्क्यांवर आणून दिल्या. खालची रम चेअरमन्सचीच जास्त खोल आहे, हे त्याने ओळखलं आणि मलाही मान्य आहे. ओल्ड मंक व्हॅनिलाच्या पलीकडे फार जात नाही. पण मसाल्याचा ताजेपणा आपल्या बाटलीत ठळकपणे जास्त होता, आणि दालचिनीच्या बाबतीत तर बाकीच्यांतली एकही जवळ येत नव्हती. कॅप्टन मॉर्गनपेक्षा मी ही डोळे मिटून घेईन. क्रॅकेनची ती काकवी-कॉफीची चव मात्र घरी साधली नाही, म्हणून दिराला पुढच्या खेपेला तेवढीच आणायला सांगितलंय.

जानेवारीत येऊरकडून वारा सुटला की दोन-चार रात्री गरम पाण्यातली रम घ्यावीशी वाटते. त्यासाठी चेअरमन्स किंवा घरची मुरवलेली, दोन्ही चालतात, पण पाणी उकळतं नको. उकळत्या पाण्याने अल्कोहोलची वाफ एकदम नाकात जाते आणि संत्रं पहिल्या मिनिटात उडून जातं. चहा पिता येईल इतपत गरम पाणी, रमच्या दुप्पट, आधी ग्लासात पाणी आणि मग वरून रम. लिंबू नको, साखर नको. लोणी घालायची पद्धत काही ठिकाणी आहे. मला ते जड वाटतं.