मेडिकलवाल्याने विचारलं होतं, "नंबर कुठंय?"

१,४४,९५० रुपये. बोगस डॉक्टरच्या दवाखान्यात माझे एवढे गेले. आकडा आधीच लिहितो, कारण जो भेटतो तो पहिलं तेच विचारतो. त्यातले १,३८,४५० दवाखान्याच्या बिलाचे आणि ६,५०० "क्लेमची फाईल लावून देतो" म्हणणाऱ्या त्यांच्याच काउंटरवरच्या माणसाचे. विमा कंपनीकडून परत आला शून्य.

नाशिकमधली, सप्टेंबरातली गोष्ट. आई ७१ वर्षांची, तीन दिवसांचा ताप, त्या रात्री १०३. सगळीकडे डेंग्यूची साथ, दोन मोठ्या हॉस्पिटलांनी बेड नाही म्हणून गेटवरूनच परत लावलं. रिक्षावाला म्हणाला, पाथर्डी फाट्याकडे एक नवीन झालंय, तिथे मिळेल. आता सगळे मला विचारतात, "अरे, आधी चौकशी नाही का केलीस?" रात्री पावणेबाराला, धो धो पावसात, मागे आई कण्हत असताना त्यांनी ती करून दाखवावी.

मोठा बोर्ड, आत एसी, नऊ बेड. भिंतीवर गणपतीचा फोटो आणि त्याच्या शेजारी नर्सिंग होम नोंदणीचं प्रमाणपत्र, फ्रेम करून. डॉक्टर तिशी-बत्तिशीचा, बोलायला गोड. "कॅशलेस आमच्याकडे नाही, पण रिइम्बर्समेंट शंभर टक्के होतं, रोजची कामं आहेत ही." म्हणजे बिल आधी मी भरायचं, कंपनी ते नंतर परत देणार. मी २५,००० डिपॉझिट भरलं. कंपनीच्या नंबरवर फोन करून भरती झाल्याचंही कळवलं. त्या बाईंनी हॉस्पिटलचं नाव लिहून घेतलं, बाकी काही बोलल्या नाहीत.

आता जे लिहितोय ते लिहिताना अजून हात थरथरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एक इंजेक्शन आतल्या मेडिकलमध्ये नव्हतं, म्हणून चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलवर गेलो. तिथल्या म्हाताऱ्या काकांनी चष्मा वर करून चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "साहेब, यावर डॉक्टरांचा नंबर कुठंय? रजिस्ट्रेशन नंबर नाही यावर. टाकून आणा." मी चिडलो. त्यांच्यावर चिडलो! आई तिकडे आणि तुम्हाला नंबराचं पडलंय, असं तोंडावर बोललो. परत गेलो तर काउंटरवरच्या मुलीने मोबाईल काढला, स्क्रीन वर सरकवत सरकवत काहीतरी शोधलं आणि शिक्क्याखालच्या रिकाम्या रेघेवर निळ्या बॉलपेनने पाच आकडे लिहिले. शाई फिसकटू नये म्हणून त्यावर फुंकर मारली. मी समोर उभा होतो. डॉक्टर पलीकडच्या खोलीतच बसले होते, त्यांना विचारायलाही ती उठली नाही. स्वतःच्या डॉक्टरचा नंबर मोबाईलमध्ये कशाला शोधावा लागतो? तेव्हा माझे फक्त २५,००० गेले होते. तिथूनच आईला उचलायला हवं होतं.

अंबडच्या एका कारखान्यात २२ वर्षं स्टोअर सांभाळतोय. चलनावरचा नंबर जुळला नाही तर मी गाडी उतरवून घेत नाही, मग मालक स्वतः फोनवर असला तरी. तोच माणूस मी. पण आईच्या हाताला सलाईन लागलेलं असताना चलन तपासायची बुद्धी होत नाही, हेही तितकंच खरं.

पाच दिवसांनी डिस्चार्ज. हॉस्पिटल ९४,६००, औषधं ३१,२२०, तपासण्या १२,६३०. प्लेटलेट दिवसातून दोनदा मोजल्या. क्लेम फॉर्मच्या दुसऱ्या भागात, जो हॉस्पिटलने भरायचा असतो, उपचार करणाऱ्या डॉक्टरचा राज्यासह नोंदणी क्रमांक लिहायचा रकाना आहे. तो कोराच होता. "आम्ही भरून पाठवतो काका, तुम्ही सही करा." कोऱ्या रकान्याच्या फॉर्मवर सही करू नका. कोणी कितीही घाई केली तरी नाही.

सात आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. क्लेम नामंजूर. उपचार करणारी व्यक्ती पॉलिसीतल्या "मेडिकल प्रॅक्टिशनर"च्या व्याख्येत बसत नाही, संस्थाही "हॉस्पिटल"च्या व्याख्येत बसत नाही आणि "सादर केलेली माहिती चुकीची आहे". चुकीची माहिती कोणी दिली? सही माझी, म्हणजे मी. आठ वर्षं हप्ता भरला, या वर्षीचा ३४,७८० होता, एकदाही क्लेम नाही, आणि पत्रात चोर मीच.

त्या रात्री भाचीने तो पाच आकडी नंबर महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या वेबसाईटवर टाकला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नाव निघालं दुसऱ्याच डॉक्टरचं, नोंदणी १९८० च्या दशकातली. हा तेव्हा जन्मलाही नसेल. परिषदेचे अलीकडचे नंबर सालाने सुरू होतात, मग महिना, मग क्रमांक. म्हणजे कोवळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर नुसता पाच आकडी नंबर दिसला की थांबा.

आणि नंबर लिहिणं ही काही डॉक्टरांची मेहेरबानी नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे दवाखान्यात, चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशाच्या पावतीवरही तो असायलाच हवा. नंबरावरून निघालेलं नाव समोरच्या माणसाचंच आहे का, ते पाहा. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत, तिकडचा डॉक्टर तिकडेच शोधा. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये आधारला जोडलेली राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवही सुरू केली, आयुष्मान भारत डिजिटल मिशनची आणखी एक नोंदवही आहे. त्यात अजून सगळे डॉक्टर आलेले नाहीत, म्हणून तिथे नाव नसलं तर लगेच बोगस म्हणू नका. राज्याच्या परिषदेत मात्र हवंच. हॉस्पिटलांसाठी विमावाल्यांची "रोहिणी" नावाची यादी आहे, तिचा १३ आकडी नंबर काउंटरवर मागा. टाळाटाळ केली की समजा. शिवाय विमा कंपन्या स्वतःच्या वगळलेल्या हॉस्पिटलांची यादी ठेवतात, तीही पाहा. एवढ्या याद्या, एवढे नंबर, आणि हा माणूस भर रस्त्यावर बोर्ड लावून बसला होता. कंपनी नंबर तपासते, पण पैसे मागायला गेल्यावर. भरतीचा फोन केला तेव्हाच तपासला असता तर?

पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी, "हे विम्याचं मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा." मी म्हटलं, नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं हा गुन्हा आहे, २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३४ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड लिहिलाय. "मग आरोग्यवाल्यांचं पत्र आणा." आरोग्यवाल्यांकडे गेलो तर, "पोलिसांकडून आमच्याकडे यायला पाहिजे." तीन अर्ज, तीन आवक शिक्के, सहा अर्ध्या दिवसांचा पगार कापला. शेवटी एक जण म्हणाला, "ते तर बंद करून गेले, आता तपासायचं काय?" अहो, पहिला अर्ज दिला तेव्हा बोर्ड वर होता! भिंतीवरच्या त्या प्रमाणपत्राचा फोटो आईला भेटायला आलेल्या मावशींच्या मोबाईलमध्ये मागे आलाय. मोठा करून पाहिला, मुदत दीड वर्षापूर्वीच संपलेली. हे प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं, तारीख वाचा. तो फोटोही दाखवला. "झेरॉक्स जोडा," म्हणाले.

कंपनीच्या तक्रार विभागाला मेल केला, "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे" एवढंच उत्तर. महिना झाल्यावर पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज टाकलाय. त्याला वकील लागत नाही, फी लागत नाही, फक्त नकाराच्या पत्रापासून वर्षाच्या आत जायचं. ६,५०० ची पावती त्यांनी दिलीच नव्हती, ते त्यात धरता आले नाहीत. रोख देऊ नका.

पोलीस ठाण्यात शेवटचा प्रश्न होता, "तुम्ही एकटेच का? आणखी कोणी तक्रारदार?" तर गेल्या पावसाळ्यात पाथर्डी फाट्याकडे कोणी भरती झालं असेल आणि शिक्क्याखाली निळ्या पेनाने पाच आकडे लिहिलेले असतील, तर कागद फेकू नका. माझा चौथा अर्ज तयार आहे, सह्यांची जागा मोकळी ठेवली आहे.