खाता येणारी स्टार्च फिल्म, नऊ महिन्यांनंतर : चटणी पास, कडक भाकरी नापास

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला स्टॉल लावायचा होता, तेव्हा पुड्या बांधायला ही फिल्म पहिल्यांदा मागवली. आम्ही घरी शेंगा चटणी आणि ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकतो. फिल्म मका-ज्वारीच्या स्टार्चची, वहीच्या पानाएवढे ताव येतात. पहिला ताव उजेडात धरून सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर कुरडईचा चीकच की, ताटावर वाळवलेला!" विक्रेत्याच्या पत्रकात दोन पानं होती, पण एवढं नेमकं त्यात काही नव्हतं.

कारण खरोखरच तो चीक आहे. स्टार्च पाण्यात शिजवायचा, साधारण 70 अंशांच्या आसपास तो फुगून घट्ट होतो, मग पातळ पसरून वाळवायचा. नुसता वाळवला तर पापडासारखा तडकतो, म्हणून ग्लिसरॉल, म्हणजे आपली ग्लिसरीन, घालतात. उन्हाळ्यात मीही घरी ज्वारीचा चीक काढून करून बघितला. ग्लिसरीन न घातलेला ताव ताटावरून निघताना चुरा झाला, घातलेला छान सुटला. (मेडिकलमधली ग्लिसरीन होती, त्यामुळे तो कुणी खाल्ला नाही.)

चटणीसाठी ही फिल्म मला मनापासून आवडली. आमची चटणी उखळात कुटलेली, तिला तेल सुटतंच. कागदात बांधली की तासाभरात डाग. स्टार्चला पाणी प्रिय, तेलाशी त्याचं जमत नाही, त्यामुळे तेल बाहेर झिरपत नाही. शिवाय फिल्म कोरडी असेल तर हवेतला ऑक्सिजनही सहज आत शिरत नाही, आणि शेंगदाणा खवट होतो तो त्यानंच. फेब्रुवारीत एक पुडी फिल्ममध्ये आणि एक नेहमीच्या पातळ पिशवीत बांधून फडताळात ठेवली. महिन्यानं उघडली तेव्हा पिशवीतल्या चटणीला वास लागला होता, फिल्ममधलीला नाही. एकदाच केलेला प्रयोग आहे, पण माझं समाधान झालं.

पुडी बंद करायला आमचं सीलिंग मशीन चालेना, फिल्म करपायची. शेवटी करंजीसारखी कडेला पाण्याची बोटं लावून दाबली, पक्की चिकटली.

मे महिन्यात सोलापूरचा पारा 42 च्या पुढे गेला आणि उघडे ठेवलेले ताव दुमडले की मोडू लागले. फिल्ममधला ओलावाच तिला लवचीक ठेवतो, तो उडाला की संपलं. त्यात, शिळी भाकरी जशी आपोआप कडक होते, तसा जुना ताव डब्यात ठेवूनही थोडा ताठ होतोच. दोन महिन्यांपेक्षा जास्त साठा करू नका.

जुलैत उलटी तऱ्हा. ताव एकमेकांना चिकटले, आणि भाकऱ्या! कडक भाकरीची सगळी ऐट तिच्या कडकपणात. फिल्ममध्ये बांधलेल्या चौथ्या दिवशी सादळल्या, दोन गिऱ्हाइकांनी परत आणून दिल्या. पाण्याची वाफ ही फिल्म अडवत नाही. "दमटपणाची काळजी नको" असं विक्रेत्यानं सांगितलं होतं, त्यावर मी विश्वास ठेवला ही माझी चूक.

आणखी एक गंमत म्हणजे मुंग्यांनाही ती खाद्यच वाटते. त्यामुळे बाहेरून कागदी खोका लागतोच, लेबलही त्यावरच. मग पुडी खायची तरी कुणी? आमच्या गिऱ्हाइकांपैकी मुलं सोडली तर कुणी खात नाही. चव काहीच नाही, जिभेला चिकटते. तुळशीच्या कुंडीत पुरलेला तुकडा मात्र दोन आठवड्यांनी शोधूनही सापडला नाही. "मक्याची" म्हणून मिळणाऱ्या सगळ्या पिशव्या अशा नसतात. पीएलए नावाचं प्लास्टिकही मक्यापासून करतात, पण ते खायचं नसतं आणि घरच्या खतात लवकर कुजतही नाही, त्याला 60 अंशांच्या आसपास गरम होणारा मोठा खतप्रकल्प लागतो. घेण्याआधी विचारून घ्या.

साध्या पिशवीच्या चौपट भाव पडतो. येत्या गड्ड्यासाठी चटणीच्या दोनशे पुड्यांपुरते ताव सांगितलेत, तेही डिसेंबरअखेर आणायला. भाकऱ्या पुन्हा पत्र्याच्या डब्यात गेल्या.