स्प्रिंग की कॉइलओव्हर, स्विफ्ट खाली बसवायची तर काय घ्यायचं

भावा तू विचारलंस म्हणून सांगतो, पॅकेटवर काय छापलंय ते सोड. खर्चात लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा) स्वस्त, कारण शॉकअप जुनेच राहतात, कॉइलओव्हरला (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, उंची बदलता येणारा सेट) त्याच्या कितीतरी पट पैसे जातात.

पण टिकण्याचं बघ. स्प्रिंगने गाडी 25-40 मिमी खाली बसली की जुन्या शॉकअपला हलायला जागाच कमी उरते, मग बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) आदळतात आणि लवकर गळायला लागतात, लाखभर किलोमीटर झालेले असतील तर शॉकअप पण नवेच टाक. कॉइलओव्हरमधे शॉकअप त्या उंचीसाठीच बनलेला असतो, फक्त आपल्या सोलापूरच्या धुळीत उंची बदलायचे थ्रेड (आटे) जाम होतात, ते पुसत राहायला लागतं. स्विफ्टचा क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची जागा) मुळात 163 मिमी, गल्लीतले स्पीडब्रेकर आठव.

मेहनत दोन्हीला सारखीच, नंतर अलाइनमेंट मात्र करच. स्प्रिंग कापून बसवायचं कोणी म्हणालं तर तिथून निघ, ती निसटू शकते.

रोज होटगी रोडने कामाला जाणारा असशील तर गाडी थोडीच खाली बसवणाऱ्या स्प्रिंग बास. उंची सारखी बदलायची असेल, ट्रॅकवर न्यायची असेल तरच कॉइलओव्हर घे.