नर्सिंग, फिजिओ, लॅब की एक्स-रे: बारावीनंतर निवड करताना

नीटचा निकाल लागला आणि एमबीबीएसचा कटऑफ हुकला, की घरोघरी तीच चार नावं निघतात: बीएस्सी नर्सिंग, बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी), डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), रेडिओलॉजी (एक्स-रे, सीटीसारख्या तपासण्या). फी किती आणि पगार किती, हे सगळेच विचारतात. त्याच्याही आधी एक गोष्ट विचारून घ्या. हे शिकल्यावर कायद्याने मला स्वतःच्या बळावर काय करता येईल, आणि कुठे डॉक्टरची सही लागेल? चार वाटांमधला खरा फरक तिथे आहे.

सर्वात जास्त गैरसमज लॅबबद्दल आहेत. "डीएमएलटी कर आणि तालुक्याला लॅब टाक" हा सल्ला नातेवाईक अजूनही देतात. पण डिसेंबर 2017 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की रिपोर्टवर पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. त्यामुळे स्वतःच्या नावावर रिपोर्ट देण्याचं स्वप्न असेल तर हा कोर्स घेऊ नका. नोकरी म्हणून मात्र बारकाव्यांची आवड असणाऱ्याला हे काम फार छान आहे. रक्त घेतल्यावर सिरिंजमधून ट्यूबमध्ये जोरात ढकललं, तर लाल पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. रक्त गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूज मशिनमधून बाहेर आलेला सीरम, म्हणजे रक्ताचा पातळ भाग, फुटलेल्या पेशींमुळे गुलाबी दिसताच सॅम्पल बाजूला काढून दुसरं मागवणारा टेक्निशियन पेशंटला चुकीच्या उपचारापासून वाचवतो. पेशंटला याचा पत्ताही नसतो. ज्याला कौतुकाशिवाय अचूक काम करता येतं, त्याने इथे यावं.

रेडिओलॉजीतही अशीच एक मेख आहे. एक्स-रे, सीटी, एमआरआय ही मशिन टेक्निशियनच चालवतो, पण सोनोग्राफी नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्यामुळे आपल्याकडे सोनोग्राफी पात्र डॉक्टरच करू शकतात. ब्रिटन-अमेरिकेत सोनोग्राफर हा वेगळा पेशा आहे, त्यामुळे तिकडची माहिती वाचून इथला बेत आखू नका. मुलींचे पालक रेडिएशनला घाबरतात. काळजी रास्त आहे, पण त्यासाठी नियम आहेत. एक्स-रे आणि सीटीवर काम करणाऱ्याच्या छातीवर टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं ते नोंदवणारा बिल्ला) असतो, तो साधारण दर तीन महिन्यांनी मोजणीला जातो, आणि मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक) आहे. एमआरआयमध्ये तर क्ष-किरण नसतातच. जिथे इंटर्नशिप करणार, तिथे बॅज आणि शिशाचा एप्रन मिळतो का, एवढं आधी पाहा. मिळत नसेल तर जागा बदला.

स्वतःच्या नावाची पाटी लावायची असेल तर या चौघांत फिजिओथेरपीच. पक्षाघातानंतर हात उचलायला शिकवणं, गुडघा बदलल्यावर जिना चढवणं, हे काम महिनोन्महिने चालतं आणि पेशंट तुमच्या नावाने येतो. पण इंटर्नशिपसकट साडेचार वर्षं किंवा जास्त जातात, सुरुवातीचा पगार पाहून बरेच जण हिरमुसतात, आणि जम बसायला वेळ लागतो. घरात लगेच कमाईची गरज असेल तर हा धीर परवडत नाही.

अशा घरासाठी माझं मत नर्सिंगच्या बाजूने आहे. बीएस्सीला चार वर्षं, जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाला तीन. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली, की सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), एम्ससाठी नॉरसेट ही भरती परीक्षा, अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही परवाना परीक्षा, जर्मनीसाठी जर्मन भाषा, इतके दरवाजे बाकी तिघांत एकत्र सापडत नाहीत. मुलांनीही लाजू नये. किंमत शरीर मोजतं: रात्रपाळ्या, उभं राहून दुखणारे पाय, पेशंट उचलून धरणारी कंबर. ज्याला मलमूत्र, जखमा आणि नातेवाइकांचा राग सहन होणार नाही, त्याने केवळ परदेशाच्या आशेने हे घेऊ नये. आधी एखाद्या ओळखीच्या वॉर्डात दिवसभर बसून पाहावं.

लॅब किंवा एक्स-रे ठरलंच, तर गल्लीतल्या इन्स्टिट्यूटच्या डिप्लोमापेक्षा महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी) बघा. तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, तीही मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात. त्यातच ऑपरेशन थिएटर, कार्डिओलॉजी, रेडिओथेरपी अशा शाखाही आहेत, ज्यांची नावं समुपदेशनात क्वचितच निघतात. कोणत्याही कॉलेजात पैसे भरण्याआधी चालू वर्षाचं संलग्नतेचं (विद्यापीठाच्या मान्यतेचं) पत्र मागा आणि प्रॅक्टिकल कोणत्या रुग्णालयात होतं, तिथे किती खाटा आहेत, हे विचारा. पत्र दाखवायला टाळाटाळ झाली, तर तिथे ॲडमिशन घेऊ नका.