सीडी प्लेअर अपग्रेडला देताय? आधी त्याच्या पोटातले फोटो काढा

ज्यांच्या घरी जुना, भारी सीडी प्लेअर आहे आणि जे तो हेडफोनवर मन लावून ऐकतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ‘अपग्रेड करून देतो’ असं सांगून पुण्यातल्या एका माणसाने माझ्याकडून अडतीस हजार रुपये घेतले. प्लेअरमधली धडधाकट लेझर यंत्रणा काढून घेतली आणि तिच्या जागी थकलेली बसवली. ज्या दोन महागड्या चिपांचे पैसे लावले, त्या दोन्ही बनावट निघाल्या. एवढं होऊनही प्लेअर घरी आला तेव्हा वाजत होता, आणि आधीपेक्षा छान वाजतोय असंच मला वाटलं. ही फसवणूक इतकी बेमालूम होते ती याच कारणाने, आणि म्हणून ती कशी केली जाते ते तपशिलात सांगणार आहे.

प्लेअर मरँट्झचा, १९८० च्या दशकाच्या अखेरचा. माझे मोठे दीर जर्मनीत नोकरीला होते, तेव्हा त्यांनी घेतलेला. पुढे त्यांनी तो मला दिला, कारण घरात गाणं शिकलेली मी एकटी. त्या काळात मरँट्झची मालकी फिलिप्सकडे होती, त्यामुळे आतलं सामान फिलिप्सचं. आवाज तयार करणारी चिप टीडीए १५४१ए, आणि डिस्क वाचणारी यंत्रणा सीडीएम-१. हल्लीच्या प्लेअरमध्ये लेझर रुळावरून सरळ सरकते. सीडीएम-१ मध्ये ती एका झुलत्या दांडीवर बसवलेली असते आणि कमानीसारखी फिरते. सांगाडा ओतीव धातूचा, भिंग काचेचं. ही यंत्रणा बनणं बंद होऊन कित्येक वर्षं झाली. चांगल्या स्थितीतली एखादी मिळाली तर जगभरातले हौशी लोक तिच्यासाठी पैसे मोजायला तयार असतात. माझ्या कपाटावर काय ठेवलं आहे याची खरी किंमत माझ्यापेक्षा त्या माणसाला जास्त ठाऊक होती.

माझं ऐकणं रात्रीचं. सासूबाई झोपल्या की सेनहायझरचा एचडी ६५० कानाला लावायचा आणि मल्लिकार्जुन मन्सूर किंवा किशोरीताई. हेडफोनवर तानपुरा ऐकताना जवारीचा एकेक पापुद्रा उलगडतो, तो स्पीकरवर कधीच तसा ऐकू येत नाही. तक्रार एकच होती. प्लेअरच्या पुढच्या सॉकेटमधून ऐकताना खर्ज थोडा फुगलेला वाटायचा, तानपुऱ्याची खर्जाची तार बाकीच्या तारांवर चढायची. एवढंच दुरुस्त करून हवं होतं.

एका परिचितांकडून या माणसाचं नाव कळलं. पश्चिम पुण्यातल्या एका सोसायटीत फ्लॅट घेऊन त्याची ‘लिसनिंग रूम’ केलेली. माणूस बोलायला गोड, ज्ञान दांडगं. त्याने एकाच मॉडेलचे दोन प्लेअर शेजारी ठेवले होते, एक मूळ आणि एक अपग्रेड केलेला. तीच सीडी आधी एकावर, मग दुसऱ्यावर. दुसऱ्यावर गाणं समोर आल्यासारखं वाटलं. तो म्हणाला, “मॅडम, तुमच्या मशीनचा आवाज अजून झाकलेला आहे. आम्ही फक्त झाकण काढतो.” कान तयार असलेल्या माणसालाही तो फरक ऐकू येणारच, कारण तो खरोखर होता. मात्र तो कशाचा होता ते पुढे येईल.

अंदाजपत्रक व्हॉट्सॲपवर आलं. टीडीए १५४१ए ची ‘एस-१’ प्रत, म्हणजे जिच्यावर मुकुटाचं चिन्ह छापलेलं असतं ती. ओपीए ६२७ हा ऑप-अँप, म्हणजे आवाजाचा सिग्नल मोठा करणारी छोटी चिप. नवे कपॅसिटर. वर मजुरी. बिल मागितलं तर, “बिल हवं असेल तर अठरा टक्के जीएसटी वाढेल मॅडम, बघा.” काढलेले जुने भाग परत मिळतील का, असंही विचारलं होतं. “ते स्क्रॅप असतं, आम्ही ई-वेस्टला देऊन टाकतो.” हे उत्तर कुणाकडूनही ऐकलंत तर प्लेअर उचला आणि घरी या. तुमच्या वस्तूतून निघालेला प्रत्येक स्क्रू तुमचा आहे.

प्लेअर परत आला. सुरुवातीचे काही आठवडे मजेत गेले. मग एका खासगी बैठकीची कॉम्प्युटरवर बर्न केलेली सीडी वाचेनाशी झाली, जी आधी बिनतक्रार वाजायची. त्यानंतर विकतच्या सीडींची शेवटची गाणी अडखळू लागली. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे शेवटचं गाणं म्हणजे बाहेरची कड, आणि लंगडणारी यंत्रणा बऱ्याचदा तिथेच उघडी पडते. शेवटी डिस्क नुसती गरगरायची आणि थांबायची. त्याला फोन केला तर म्हणाला, “लेझरचं वय झालं मॅडम. माझ्याकडे एक सीडीएम-१ आहे, बावीस हजारांत बसवून देतो.”

तिथून मी प्लेअर घेऊन गेले बुधवार पेठेत. तपकीर गल्लीच्या आसपास अजूनही काही जुनी दुरुस्तीची दुकानं टिकून आहेत. त्यातल्या एका काकांचं आयुष्य व्हॉल्वचे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात गेलं आहे. त्यांनी झाकण काढलं, भिंगाने पाहिलं आणि मला जवळ बोलावलं. “ताई, हे काय लिहिलंय वाचा.” आठ पायांच्या एका चिपवर ओपीए ६२७ छापलेलं होतं. काका म्हणाले, “खरा ६२७ एका पॅकेटात एकच ऑप-अँप असतो. तुमच्या मशीनमधली ही जागा ड्युअलची आहे, डावा-उजवा दोन्ही एकाच चिपमधून. इथे ६२७ बसवायचा तर दोन लागतात, आणि मधे एक छोटी अडॅप्टर पट्टी लागते. हा एकटा इथे बसून वाजतोय, म्हणजे हा ६२७ असूच शकत नाही.” दोघांच्या पायांची जोडणीच वेगळी असते, सिंगल चिप ड्युअलच्या सॉकेटमध्ये घातली तर गाणं लागणारच नाही. म्हणजे बनावटपणाचा पुरावा त्या छापातच होता. ज्याला प्लेअर उघडायची भीती वाटत नाही, त्याने घरीही एवढं तपासावं.

मुकुटवाल्या चिपचं प्रकरण जास्त खोल आहे. ‘एस-१’ ही निराळी चिप नाही. त्याच टीडीए १५४१ए मधून ज्या जास्त अचूक मोजल्या गेल्या, त्या वेगळ्या काढून फिलिप्सने त्यांच्यावर मुकुट छापला. त्यामुळे साध्या चिपवर कुणी खोटा मुकुट छापला तरी ती व्यवस्थित वाजते, आणि कानाने फरक पकडणं जवळजवळ अशक्य. काकांनी कापसाच्या बोळ्यावर थोडं ॲसिटोन घेऊन चिपची एक कड पुसली. नुसती शाई निघाली असती तर त्यावरून काही ठरवता आलं नसतं, जुन्या छापाची शाईही निघू शकते. पण इथे काळ्या रंगाचा अख्खा थर सुटला आणि खाली पॉलिश पेपरने घासल्याच्या रेघा दिसल्या. मूळ अक्षरं घासून, वर रंग मारून, नवा मुकुट छापला होता. काकांचा अंदाज असा की ही चिप बहुधा माझीच असावी. काढली, रंगवली आणि मलाच विकली.

मग यंत्रणा. दिरांनी पूर्वी ट्रेचा पट्टा बदलून घेतला होता, तेव्हा त्यांनी आतले फोटो काढून ठेवले होते. ते मोबाइलवर मागवले आणि शेजारी धरले. आतली सीडीएम-१ आमची नव्हतीच. स्टिकर वेगळा, ओतकामावरचे डाग वेगळे. लेझरला किती करंट मिळावा हे ठरवणारा एक बारीक प्रीसेट (स्क्रूसारखा फिरवायचा रेझिस्टर) असतो, तो पार वर फिरवलेला होता. मरायला टेकलेल्या लेझरला जास्त करंट दिला की ती काही दिवस जोमाने वाजते आणि मग लवकर मरते. पैसे हातात पडून काही आठवडे उलटेपर्यंत प्लेअर वाजायला हवा होता, त्याची सोय या प्रीसेटमध्ये केलेली होती. मला सगळ्यात जास्त संताप या गोष्टीचा आला. खोटी चिप लावणं ही लबाडी आहे, पण तेवढ्याने प्लेअर वाजायचा थांबत नाही. इथे मात्र दिरांनी तीन दशकं जपलेली निरोगी वस्तू चोरली गेली होती.

आता तो ‘झाकण काढलेला’ आवाज. काकांनी टेस्ट सीडीवरचा पूर्ण पातळीचा १०० हर्ट्झचा सूर लावला आणि मागच्या सॉकेटवर मल्टिमीटर धरला. सूर मुद्दाम खालचा घेतला, कारण साधे मल्टिमीटर हजार हर्ट्झवर चुकीचा आकडा दाखवू शकतात. सीडी प्लेअरची लाइन-आउट (मागच्या सॉकेटमधून अँपकडे जाणाऱ्या सिग्नलची) पातळी साधारणपणे २ व्होल्ट असते, इथे २.६ भरली. फीडबॅकचा रेझिस्टर बदलून गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण, वाढवला होता. हा फरक सव्वादोन डेसिबलच्या थोडा वर जातो. एवढा आवाज वाढला की माणसाला तो ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो, अधिक स्पष्ट, अधिक जवळचा. त्या लिसनिंग रूममध्येही हेच झालं असणार. कुणी आधी-नंतरचा प्रयोग दाखवला तर दोन्हींची पातळी मीटरने सारखी करायला लावा, आणि कुठला प्लेअर चालू आहे ते न सांगता ऐकवायला सांगा. जो माणूस याला तयार होत नाही, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

माझ्या मूळ तक्रारीचं उत्तरही काकांनीच दिलं, आणि त्यात चिपचा काहीच संबंध नव्हता. प्लेअरच्या हेडफोन सॉकेटच्या आधी शंभर ओहमच्या आसपासचे रेझिस्टर आहेत. एचडी ६५० चा इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विजेचा अडथळा, ३०० ओहम सांगतात, पण शंभर हर्ट्झच्या आसपास तो पाचशेच्या घरात चढतो. मधे रेझिस्टर असला की तिथे साधारण एक डेसिबलचा फुगवटा येतो, आणि नेमका तिथेच माझा खर्ज होता. उपाय म्हणजे मागच्या लाइन-आउटमधून कमी आउटपुट इम्पीडन्सचा स्वतंत्र हेडफोन अँप जोडणे. मी साधा आठ हजारांचा घेतला, खर्ज जागेवर बसला. ताकदीचा तर प्रश्नच नव्हता. एचडी ६५० एका व्होल्टला १०३ डेसिबल देतो, रात्री ऐकायला त्याच्या कितीतरी खालीच थांबावं लागतं. ३२ ओहमचा हेडफोन असेल तर अशा सॉकेटवर बराच आवाज रेझिस्टरमध्येच जिरतो, तेव्हा त्याला तर वेगळा अँप आणखी गरजेचा. आणि डीॲक (सीडीवरच्या आकड्यांतून आवाज तयार करणारा भाग) बदलायची हौसच असेल, तर प्लेअरच्या डिजिटल आउटमधून बाहेरचा डीॲक लावता येतो. कशालाही सोल्डरचा डाग लावावा लागत नाही.

वापरलेला प्लेअर विकत घेणार असाल तर एक बर्न केलेली आणि एक भरगच्च, सत्तर मिनिटांच्या वरची सीडी घेऊन जा. दुसरीचं शेवटचं गाणं लावा. तासभर तापल्यावर पुन्हा लावा. जपानहून आलेला असेल तर मागची पाटी वाचा, तिथे १०० व्होल्ट लिहिलेलं असतं आणि आपल्या २३० व्होल्टला थेट जोडला की ट्रान्सफॉर्मर जळतो.

माझ्या तक्रारीबद्दल. पैसे यूपीआयने दिले होते आणि अंदाजपत्रक व्हॉट्सॲपवर होतं, त्यामुळे बिल नसूनही पुरावा उभा राहिला. काकांनी त्यांच्या लेटरहेडवर तपासणीचा अहवाल लिहून सही-शिक्का दिला. आधी लेखी नोटीस पाठवली, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. यंत्रणा परस्पर बदलल्याबद्दल पोलिसांकडे वेगळा अर्ज दिला आहे, विश्वासघाताचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१६ आहे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

आमची सीडीएम-१ अजून कुठेतरी आहे. तिच्या सांगाड्याच्या एका कडेला, स्क्रूच्या अगदी जवळ, नखाएवढा टवका उडालेला आहे, आणि करंटच्या प्रीसेटवर हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका आहे. अशी यंत्रणा कुणी विकायला आणली, तर ती कुठल्या प्लेअरमधून निघाली ते त्याला विचारा, आणि लेखी पावतीशिवाय पैसे देऊ नका.