सॅमसंग टॅब एस ६ लाइट आणि क्रिटा : टायगरचं चित्र काढून झाल्यावर

शेजारच्या काकींचा कुत्रा टायगर तेरा वर्षांचा आहे. अंगाचा रंग नुकत्याच कापलेल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यासारखा तांबूस, तोंड मात्र आता पांढरं पडलंय. काकींच्या मुंबईतल्या मुलाला त्याचं चित्र भिंतीवर लावायला हवं होतं, ए-फोर आकाराचं आणि अगदी हुबेहूब. मी देवगड तालुक्यातल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवते. इतकी वर्षं जलरंगच हातात होते. टायगर मात्र टॅबवर रंगवला. सगळे मिळून सव्वीसेक तास लागले. टॅब घ्यावा का, असं शाळेतल्या पालकांपासून मावसबहिणीपर्यंत बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

सॅमसंग गॅलॅक्सी टॅब एस ६ लाइट मी घेतला तो पेनासाठी. पेन खोक्यातच येतं, वेगळं विकत घ्यावं लागत नाही, आणि ते चार्ज करावं लागत नाही. त्यात बॅटरीच नाही. पडद्याखालच्या चुंबकीय क्षेत्रातून त्याला हवी तेवढी ऊर्जा मिळते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं तेव्हा आमच्या वाडीत सहा दिवस वीज नव्हती, आणि दर पावसाळ्यात माडाचं चुडत, म्हणजे झावळी, तारेवर पडलं की संध्याकाळ अंधारात जातेच. टॅब पॉवर बँकेवर चालतो. पेनाची तेवढी एक काळजी कमी झाली, हे मला फार मोठं वाटतं.

क्रिटा हे चित्र काढायचं अॅप मोफत आणि मुक्त स्रोत आहे. अँड्रॉइडवर ते टॅबसाठी आहे, फोनसाठी नाही. कॉम्प्युटरवरचीच मांडणी इथे जशीच्या तशी येते, त्यामुळे बटणं बारीक आहेत. बोटाने न दाबता पेनाच्या टोकाने दाबायची सवय लावून घ्या. पहिले चार दिवस चाचपडण्यात जातात, मग हात बसतो.

कॅनव्हास सुरुवातीलाच ठरवावा. ए-फोर छापायचं तर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. म्हणजे साधारण ८७ लाख पिक्सेल, आणि प्रत्येकाला चार बाइट धरले तर एका पूर्ण भरलेल्या थराला (थर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांपैकी एक, असं समजा) ३५ एमबी. माझ्या टॅबची रॅम ४ जीबी, त्यातली बरीच टॅबच वापरतो. म्हणून मी आठ थरांवर थांबले आणि काम झालेले थर एकत्र करत गेले. त्याने काही अडलं नाही.

आता मुख्य गोष्ट, केस. मुलं कुत्रा काढताना पहिल्या मिनिटाला केस ओढायला लागतात आणि कुत्र्याचा झाडू होतो. आधी केस विसरायचे. डोळे किलकिले करून फक्त उजेड आणि सावलीचे मोठे तुकडे भरायचे. मग वेगळ्या थरावर बाण काढायचे, केस कुठे वळतात त्याचे: नाकापासून मागे, कपाळावर वर, गालावरून कानाखाली, गळ्यावर खाली. टायगरच्या तोंडावरचे केस तांदळाच्या दाण्याएवढे, मानेवरचे बोटाएवढे. हे बाण समोर असले की हात चुकत नाही. शेवटी बारीक ब्रशने केस. पेन दाबून सुरू करायचं आणि उचलत न्यायचं, टोक आपोआप निमुळतं होतं. इथे या पेनाची संवेदनशीलता खरंच कळते. मला तर थ्री-झिरोच्या, म्हणजे अगदी बारीक टोकाच्या, ब्रशची आठवण झाली. आणि प्रत्येक केस काढायचा नाही. उजेड जिथे सावलीला भिडतो तिथेच केस दिसतात, बाकी ठिकाणी ते नुसते भासतात.

माझे वडील गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, काम करायचे. तिथे डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते. कुत्र्याच्या चित्रात मी उलट केलं, दुसऱ्याच दिवशी डोळे पूर्ण केले, कारण ते जमले नसते तर पुढे काही अर्थ नव्हता. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांत निळसर धुकं येतं. टायगरच्याही आलंय. बाहुलीवर काळा रंग न देता गडद तपकिरी दिला आणि वर वेगळ्या थरावर राखी-निळा अगदी पातळ, दहा-बारा टक्के. त्यात पडवीच्या दाराचा उजळ चौकोन. खालच्या पापणीची ओली कड विसरू नका, नाहीतर डोळा मण्यासारखा कोरडा दिसतो.

फोटोबद्दलही सांगते. मुलाने पाठवलेला फोटो अगदी जवळून काढलेला होता. जवळून नाक मोठं आणि कान छोटे येतात. मी स्वतः पायरीवर बसून, टायगरच्या डोळ्यांच्या उंचीवर मोबाइल धरून, दोन मीटरवरून झूम करून फोटो काढले. पार्श्वभूमी धूसर करणारा मोड बंद ठेवला, तो मिशा खाऊन टाकतो.

जुलैची दमट हवा हा त्रासच. तळहात काचेला चिकटतो आणि रेघ अडखळते. जुना सुती मोजा कापून करंगळीवर आणि हाताच्या कडेवर चढवला, पुढे अडचण आली नाही. खरखरीत फिल्म लावून पाहिली, कागदासारखं वाटतं खरं, पण बारीक केसांवर दाणे दिसायला लागले म्हणून काढून टाकली.

सगळ्यात मोठी चूक माझीच झाली. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळा करणारी सोय चालू केली होती आणि ती तशीच राहिली. पिवळ्या पडद्यावर मी नकळत रंगात निळा वाढवत गेले. छापून आलं तेव्हा चिऱ्याच्या रंगाचा टायगर जांभळट आणि काळपट होता. रंगवताना ती सोय बंद ठेवा, पडद्याचा उजेड निम्म्यावर ठेवा, आणि मोठी प्रिंट काढण्याआधी चार बाय सहाची छोटी काढून दारात, दिवसाच्या उजेडात बघा. क्रिटात छपाईचे रंग आधी पडद्यावर दाखवणारी सोय आहे, ती मला नंतर सापडली.

दुसरी प्रिंट नेण्याआधी टॅबच काकींच्या मांडीवर ठेवला. त्या बराच वेळ बघत होत्या. "डोळे त्येचेच आसत गो," म्हणाल्या, आणि मग, "पण फाटको कान खंय गेलो?" डावा कान तीन वर्षांपूर्वी भांडणात फाटलाय. मी तो सरळ काढला होता. कानाचा थर अजून वेगळा होता. त्यांच्यासमोरच ओटीवर बसून कड खोडली, मागची सावली भरली, फाटक्या जागेवर चार आखूड केस ओढले. पंधरा मिनिटं लागली. जलरंगात यासाठी मला नवा कागद घ्यावा लागला असता.